पांढरी पाच, किंचित चढी

आमच्या वाडीच्या मंडळाचे अध्यक्ष एरवी माझ्याकडे फक्त वर्गणीला येतात. त्या दिवशी ते खुर्ची ओढून बसले आणि चहाला हो म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं की यंदा आकडा मोठा आहे. पण खिशातून पावतीपुस्तक निघालंच नाही.

"तू म्हणे लॅपटॉपार कायतरी वाजवतंस," ते म्हणाले. "यंदा आमच्या स्टेजार वाजव. चाळीस मिनटां. डबलबारीच्या आधी." डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना.

मी दिवसा पतपेढीत हिशेब तपासतो आणि रात्री पडवीत बसून इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. म्हणजे काय, तर किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्यांचा 'होऽऽ' मोबाइलवर टिपायचा, त्याचे तुकडे करायचे आणि खाली धाडधाड ठेका लावायचा. श्रोते दोन. एक मी आणि दुसरी भिंतीवरची पाल, तीही ट्यूबलाइटसाठी येते. चूक झाली की कंट्रोल झेड दाबायचं. या कलेला कधी स्टेज लागेल असं मला वाटलं नव्हतं. हुरळून जाऊन 'हो' म्हटलं आणि रात्री अंथरुणावर प्रश्न पडला, स्टेजवर नेऊ काय?

गायकाला हा प्रश्न नसतो. बुवा पेटी घेऊन येतात, पखवाजवाला पखवाज घेऊन येतो. माझ्या धंद्यात मात्र वाद्य आधी निवडावं लागतं, मग जुळवावं लागतं, मग त्याचं हप्त्याचं बघावं लागतं. वाजवायची पाळी सगळ्यात शेवटी येते.

पहिला विचार अर्थात नुसता लॅपटॉप. एबलटन लाइव्ह हे सॉफ्टवेअर २००१ साली आलं तेच मुळी स्टेजवर वाजवण्यासाठी. पण चुलतभावाने आधीच सांगितलं, "लोकांका वाटतला, तू लाइटबिल भरतंस." त्यात तथ्य होतं. आमच्याकडचा प्रेक्षक दशावतारात वाढलेला. राक्षस आला तर तो घामाने निथळला पाहिजे. पडद्याआड तोंड घालून बसलेल्या माणसाला तो फार तर तलाठी समजेल.

म्हणजे हात हलताना दिसले पाहिजेत. त्यासाठी मिळतो कंट्रोलर, म्हणजे बटणांचा आणि फिरकीच्या नॉब्सचा एक ट्रे. त्यातून आवाज येत नाही, तो फक्त लॅपटॉपला निरोप देतो. हा निरोप ज्या मिडी नावाच्या भाषेत जातो ती १९८३ साली ठरली आणि अजून चालू आहे. प्रत्येक नॉब शून्य ते १२७ एवढंच बोलतो. आमच्या घरात याहून कमी शब्दांत संसार चालतो, त्यामुळे मला ती पटली. सोळा नॉब्सचा एक ट्रे मागवला.

मग कोणीतरी डोक्यात घातलं की लॅपटॉप स्टेजवर बंद पडतो, तेव्हा जोडीला स्वतंत्र यंत्र हवं. इथून माझं खरं वाटोळं सुरू झालं. रोलंड कंपनीचं ८०८ हे ड्रम मशीन १९८० ते १९८३ एवढीच वर्षं बनलं, साधारण बारा हजार नग. जुन्या बाजारात त्याचा भाव बघितला आणि लॅपटॉप मिटला. बायको मागे उभी होती. तिने विचारलं, यातून काय वाजतं? मी हौसेने त्यातला काउबेलचा आवाज ऐकवला. ती म्हणाली, "ही गुराच्या गळ्यातली घंटा ना? बाजारात शंभर-दीडशेला मिळते. गाय हवी असेल तर ते वेगळं."

मंडळाच्या बैठकीत मी चरणजित सिंग यांचा दाखला दिला. हिंदी चित्रपटांसाठी वाजवणाऱ्या या माणसाने १९८२ साली मुंबईत हेच ८०८ आणि आणखी दोन यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० साली ते ध्वनिमुद्रण पुन्हा बाहेर आलं आणि सत्तरीत त्यांना युरोपातून बोलावणी आली. बैठकीत शांतता पसरली. खजिनदार पुढे झुकून म्हणाले, "ते येतीत काय?" मी म्हटलं, २०१५ साली गेले ते. "मगे तूच ये," खजिनदार म्हणाले आणि पुढचा विषय खुर्च्यांचा निघाला.

मधल्या काळात मी मॉड्युलर सिंथेसायझरच्या नादालाही लागलो होतो. एक चौकट, त्यात शेकडो भोकं, आणि या भोकातून त्या भोकात वायरी. पुण्याच्या मित्राने फोटो पाठवला तो आईला दाखवला. तिने चष्मा लावला, फोन लांब धरला आणि कळवळून म्हणाली, "कोणाचां रे जाळां गुतलां?" तो विषय तिथेच संपला. शिवाय आमच्या खाऱ्या हवेत सायकलची घंटा दोन पावसाळ्यांत मुकी होते, तिथे शेकडो भोकांची काय कथा. माझ्या साध्या कीबोर्डचे नॉब श्रावणात फिरवले की पापड भाजल्यासारखा आवाज येतो. बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या मी नातेवाइकांकडून मागून आणतो. नवे बूट घेतले की लोक आता मला फोन करतात.

शेवटी व्होल्का नावाचा एक छोटा डबा घेतला. कॉर्ग कंपनीने २०१३ साली काढलेला, जेवणाच्या डब्याएवढा, सहा पेन्सिल सेलवर चालणारा. सेलवर चालतो, यातच मी पाघळलो. आमच्याकडे लाईट कधी जाईल हे सांगता येत नाही, ती जाणार एवढं सांगता येतं. सगळे बंद पडतील आणि माझा डबा वाजत राहील, हे दृश्य मी मनात कितीदा तरी पाहिलं.

या सगळ्यात सल्ला विचारावा असा एकच माणूस गावात होता, तो म्हणजे बेंजो पार्टीतला ऑक्टोपॅडवाला. रोलंडने पहिला ऑक्टोपॅड १९८५ साली काढला. जगात इतरत्र त्याचं काय झालं ते असो, महाराष्ट्रात तो ढोलकीचा मावसभाऊ आहे. गणपती, हळद, वरात, त्याच्याविना पान हलत नाही. या गृहस्थाने माझी यादी वाचली. लॅपटॉप, साउंड कार्ड, कंट्रोलर, व्होल्का, छोटा मिक्सर, डीआय बॉक्स, अडॅप्टर चार.

"आणि चिकटपट्टी?" त्याने विचारलं.

नव्हती.

"जादा केबल?"

एक होती.

"फडकां?"

"फडकां कित्याक?"

"दंव पडता," तो म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. दोन महिने मी परदेशी तज्ज्ञांचे व्हिडिओ पाहत होतो. दव या विषयावर त्यांतला एकही बोलला नव्हता.

माझ्या डोक्यात त्या वेळी वेगळंच होतं, लेटन्सी. म्हणजे बटण दाबल्यापासून आवाज यायला लागणारा वेळ. साउंड कार्डाची सेटिंग १२८ नमुन्यांवर ठेवली तर हा उशीर साधारण तीन मिलिसेकंद, २५६वर ठेवली तर सहा. या तीन मिलिसेकंदांसाठी मी तीन रात्री जागलो. चौथ्या रात्री हिशेबनीसाचं डोकं जागं झालं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन मिलिसेकंदांत एक मीटर. एक मीटर! बुवा आणि पखवाजवाला यांच्यात तेवढं अंतर रोज असतं. आणि माडाखाली शेवटच्या रांगेत, पन्नास मीटरवर बसणाऱ्यांना सगळंच दीडशे मिलिसेकंद उशिरा ऐकू येणार. मी दिवा मालवून झोपलो.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी व्होल्कासाठी सेल शोधले तर घरात नवे नव्हते आणि दुकान बंद. तीन विजेरीतले घेतले, दोन आईच्या रेडिओतले. सहावा कुठून आणला ते कुणी पाहिलं नाही. चार वाजून दहा मिनिटांनी मी स्कूटरवर सगळा संसार बांधून किनाऱ्यावर निघालो.

साउंडवाला भाऊ वाळूत उकिडवा बसून बोर्ड जोडत होता. बोर्डाला पाच सॉकेट. त्यांतल्या दोनांत प्लग नव्हतेच, उघड्या वायरी खुपसून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट केल्या होत्या. एक काडी जळकी होती. ती आधी जळली की नंतर, हे मी विचारलं नाही.

"भाऊ, मला दोन चॅनेल लागतील. स्टिरिओ आहे."

सत्यनारायणाच्या प्रसादात मी बोंबील मागितल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे समजावलं, एक स्पीकर बाप्यांकडे, एक बायकांकडे. स्टिरिओ केलं तर अर्धं गाणं यांना, अर्धं त्यांना, आणि उद्या भांडणं वाडीत. पटण्यासारखं होतं. तीन आठवडे खपून मी 'होऽऽ' डावीकडून उजवीकडे नेला होता. त्याची भाऊने एका वायरीत चटणी केली.

मग त्याने स्पीकर चालू केले आणि 'हुंऽऽऽ' सुरू झालं. मी शहाण्यासारखा माझा डीआय बॉक्स काढला. दोन यंत्रांचं अर्थिंग एकमेकांत अडकलं की अशी गुणगुण येते, ती तोडायला हा असतो. पण माझी वायर अजून लावलीच नव्हती. गुणगुण घरचीच होती.

"अर्थिंग खंय आसा?" मी विचारलं.

भाऊने हात लांब करून समुद्र दाखवला. "येवडां आसा मा."

डबलबारीचे एक बुवा लवकर आले होते. डबलबारी पूर्वी रात्रभर चालायची. २००० सालच्या नियमांनी स्पीकरवर रात्री दहाची रेघ मारली, वर्षातल्या मोजक्या दिवशी तेवढी बारापर्यंत मुभा मिळते, तेव्हापासून बुवाही घड्याळ बघून येतात. ते खुर्चीत डोळे मिटून ती गुणगुण ऐकत होते. मग पेटी उघडली, एक पट्टी दाबली, कान वाकडा केला.

"पांढरी पाच," ते म्हणाले. "किंचित चढी."

मी मनात हिशेब केला आणि हातातली वायर खाली ठेवली. आपल्या देशातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. पेटीवरची पांढरी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, खालच्या सप्तकात एकोणपन्नासवर येते. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर वीज तिच्यापेक्षा पस्तीस भाग चढी. बुवांनी हे नुसत्या कानाने सांगितलं होतं. वर या गुणगुणीत पन्नासच्या जोडीला शंभर आणि दीडशेही असतात, म्हणजे सा, वरचा सा आणि पंचम. तानपुराच की हो, तोही सरकारी दराने.

"तो आवाज जाणा नाय तर जावंदे," बुवा म्हणाले. "तेचोच सूर धर."

तासभर खपून मी सगळी गाणी पांढरी पाचवर आणली, वर पस्तीस भाग चढवली. सात वाजता स्टेजवर गेलो आणि पहिल्यांदाच आयुष्यात माझं वाजवणं आणि स्पीकरची खोट एका सुरात वाजली. 'होऽऽ' आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या रापणकरांनी माना वर केल्या. मी सोळा नॉब्स असे फिरवत होतो की तलाठी म्हणायची कुणाची हिंमत होऊ नये.

सातव्या मिनिटाला लाईट गेली.

किनारा काळाठिक्कर. स्पीकर मुके, भाऊचा मिक्सर मुका. आणि माझ्याकडचं सगळं चालू! लॅपटॉप बॅटरीवर, साउंड कार्ड लॅपटॉपवर, व्होल्का सेलवर. मनात पाहिलेलं दृश्य तंतोतंत उतरलं होतं, फक्त त्यात स्पीकर सेलवर नसतात हे मी पाहिलं नव्हतं. हेडफोन्समध्ये मात्र काय रंग चढला होता! थांबवणार कसं? मी डोळे मिटून डुलत राहिलो. अंधारात लॅपटॉपच्या उजेडाने निळा पडलेला माझा चेहरा तेवढा दिसत असणार. एका कानावरचा हेडफोन सरकला तेव्हा पुढून एका बाईचा आवाज आला, "गो, अंगात इलां वाटता तेच्या."

मग जनरेटर धडधडला, भाऊने मिक्सर चालू केला आणि मी जोरात परत आलो. पहिल्याच सुराला अंगावर काटा आला, पण वाईट अर्थाने. सगळं बेसूर! छोट्या जनरेटरवर भार कमी असला की तो जरा जोरात पळतो. पन्नासाचे बावन्न झाले होते आणि गुणगुण वर सरकली होती. मी भेदरून खाली बघितलं. अंधारातून बुवांचा हात वर आला, चार बोटं ताठ.

"काळी चार!"

आता सूर चढवायचा. सोळा नॉब्सपैकी सोळाही मी नाचवायला लावले होते, सुराला एकही नव्हता. तो माउसपॅडवर बोट सरकवून बदलायचा, आणि माउसपॅडवर दव. बोट डावीकडे नेलं की बाण उजवीकडे. "फडकां!" मी ओरडलो, माइकवर. कुठूनसं एक फडकं आलं, त्याला सुक्या मासळीचा वास होता. पुसलं, सूर चढवला, जमला. त्याच क्षणी भाऊने हॅलोजन लावले, जनरेटर कण्हला आणि गुणगुण पुन्हा खाली निघाली. बुवांचं एकेक बोट मिटत गेलं.

अध्यक्ष स्टेजवर आले, माझ्या गळ्यात शाल घातली आणि वेळेअभावी आभार मानले.

उतरताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बरां वाजवलंस हां. काळोखात तर मस्तच."

डबलबारी ऐकून घरी पोचलो. सगळे झोपले होते. किती वाजले बघावं म्हणून ओसरीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, तर चार वाजून दहा मिनिटं.