बदली क्वार्टरबॅकची तालीम

१० डिसेंबर २०१७. फिलाडेल्फियाजवळच्या आमच्या घरी त्या रविवारी चार मराठी कुटुंबे जमली होती आणि टीव्हीवर लॉस एंजेलिसमधला रॅम्सविरुद्धचा आमच्या ईगल्सचा सामना चालू होता. (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकी फुटबॉल, हे वेगळे सांगायला नको.) तिसरे सत्र संपत आले असताना ईगल्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, कार्सन वेन्ट्झ चेंडू घेऊन स्वतःच मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमध्ये झेपावला आणि बचावपटूंच्या कात्रीत सापडला. तो टचडाउन, म्हणजे तिथे चेंडू नेऊन मिळवलेले गुण, आमच्याच एका खेळाडूच्या चुकीमुळे रद्द झाला. वेन्ट्झ उठला, आणखी चार डाव, म्हणजे चार चाली, खेळला आणि चौथ्या डावात टचडाउनचा पास देऊन मगच बाहेर गेला. त्याच्या डाव्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला होता, हे दुसऱ्या दिवशी नक्की झाले. ईगल्सने तो सामना ४३-३५ असा जिंकला, पण शेजारचे आजोबा अंगणात उभे राहून घरात सुतक असल्यासारखे बोलत होते.

पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. निक फोल्स नावाच्या बदली क्वार्टरबॅकने ४ फेब्रुवारी २०१८ रोजी पेट्रियट्सना ४१-३३ असे हरवून ईगल्सना सुपर बोल या अंतिम सामन्याचा पहिला किताब मिळवून दिला. ही कथा नशिबाची किंवा जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. मोहरा, म्हणजे संघाचा मुख्य खेळाडू, गमावण्याची तयारी म्हणजे बाकावर एक बरा माणूस बसवून ठेवणे, अशी बहुतेकांची समजूत असते. माझ्या मते खरी तयारी वेगळी असते: मोहऱ्यासाठी रचलेला खेळ मोडून दुसऱ्याच्या हाताला बसेल असा नव्याने रचण्याची प्रशिक्षकांची तयारी.

हे इतके अवघड का, हे कळण्यासाठी एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगमधल्या आठवड्याकडे पाहावे लागते. सरावाचा वेळ मोजका असतो आणि पहिल्या फळीबरोबरचे जवळजवळ सगळे डाव मुख्य क्वार्टरबॅकच्या वाट्याला जातात. दुसऱ्याचे मुख्य काम म्हणजे येत्या रविवारच्या प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकचे सोंग वठवणे, जेणेकरून आपल्या बचावफळीचा सराव व्हावा. म्हणजे जो माणूस उद्या आपला संघ चालवणार, तो आठवडाभर दुसऱ्याच संघाचे डाव खेळत असतो! पास झेलणाऱ्या आपल्या रिसीव्हरने वळण्यापूर्वीच चेंडू हातातून सुटला पाहिजे, चेंडू मागे देणाऱ्या सेंटरला क्वार्टरबॅकच्या हाळीची लय ओळखता आली पाहिजे, आणि शिरस्त्राणातला प्रशिक्षकाचा आवाज डाव सुरू करण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरताच बंद होतो, त्यानंतर समोरची मांडणी एकट्याने वाचता आली पाहिजे. यातली एकही गोष्ट बैठकीच्या खोलीत चित्रफिती पाहून पुरती अंगी मुरत नाही.

फोल्सचेही तसेच झाले. न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध त्याने चार टचडाउन पास दिले खरे, पण नाताळच्या रात्री रेडर्सविरुद्ध तो चाचपडत होता आणि शेवटच्या साखळी सामन्यात डॅलसकडून संघ ०-६ असा हरला. त्या सामन्यात तो थोडाच वेळ खेळला, पण जो खेळला तो पाहवत नव्हता. अव्वल मानांकनामुळे ईगल्सना प्ले-ऑफ या बाद फेरीपूर्वी एक आठवडा मोकळा मिळाला. माझ्या लेखी तो हंगाम त्या आठवड्यात जिंकला गेला. प्रशिक्षकांनी फोल्सच्या जुन्या चित्रफिती काढल्या. २०१३ मध्ये याच संघाकडून खेळताना त्याने २७ टचडाउन पास दिले होते आणि केवळ दोन चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले होते. तेव्हा त्याला जे जमत होते, म्हणजे बचावपटूची एक हालचाल पाहून धाव की पास हे क्षणार्धात ठरवण्याचे डाव, तेच त्यांनी वाढवले. त्यानंतर अटलांटाविरुद्ध १५-१० असा निसटता विजय मिळाला, पण मिनेसोटाला त्याच फोल्सने ३८-७ असे झोडपले. सुपर बोलमध्ये त्याने स्वतः झेललेला टचडाउन लोक अजून आठवतात. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती प्रशिक्षकांनी आपलाच आराखडा बाजूला ठेवण्याची वृत्ती.

ती वृत्ती त्यांच्याकडे का होती, याचेही उत्तर मला योगायोगात सापडत नाही. मुख्य प्रशिक्षक डग पीडरसन हे ग्रीन बेच्या संघात ब्रेट फार्वचे बदली क्वार्टरबॅक होते. आक्रमणाचे समन्वयक फ्रँक राइक हे बफेलोच्या संघात जिम केलीचे बदली क्वार्टरबॅक होते आणि जानेवारी १९९३ मध्ये ३-३५ अशा पिछाडीवरून त्यांनी ह्यूस्टनविरुद्धचा प्ले-ऑफ सामना जिंकून दिला होता. आयुष्यातली उमेदीची वर्षे बाकावर काढलेल्या माणसांना तिथे बसलेल्याला काय लागते, हे सांगावे लागत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण इंडियानापोलिसच्या संघाचे. तिथला क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग १९९८ ते २०१० या काळात सलग २०८ साखळी सामने खेळला. संघाचे सारे आक्रमण त्याच्या डोक्यात होते, डाव तो मैदानावर उभा राहून बदलायचा. २०११ मध्ये मानेच्या दुखण्याने तो पूर्ण हंगाम बाहेर राहिला, तेव्हा आधीच निवृत्त झालेल्या केरी कॉलिन्सला ऑगस्टमध्ये बोलावून आणावे लागले. सलग नऊ वर्षे प्ले-ऑफ गाठणारा संघ पहिले तेरा सामने हरला आणि शेवटी २-१४ वर, म्हणजे दोन विजय आणि चौदा पराभवांवर, थांबला. कॉलिन्सला दोष देण्यात अर्थ नाही. इतकी वर्षे एकाच माणसाभोवती घर बांधले की खांब निखळल्यावर छप्पर कोसळणारच.

न्यूयॉर्क जेट्सचे तर मला अधिकच नवल वाटते. मॅनिंगच्या बाबतीत निदान सवयीचा दोष होता. इथे ३९ वर्षांच्या ॲरन रॉजर्स या क्वार्टरबॅकला आणून, त्याच्या ओळखीचा समन्वयक नेमून सगळा डाव त्याच्यावर लावला गेला आणि ११ सप्टेंबर २०२३ रोजी चौथ्याच डावाला त्याचा अकिलीस स्नायुबंध तुटला. मागे होता झॅक विल्सन, ज्याने वर्षभर बाजूला बसून शिकावे अशी योजना होती. तो सामना जेट्स जिंकले, हंगाम मात्र सात विजय, दहा पराभव असा गेला. चाळिशीला टेकलेल्या खेळाडूच्या बाबतीत हा धोका कोणाच्या ध्यानात आला नसेल, हे मानायला मी तयार नाही. त्याचा विचार करणे म्हणजे अशुभ बोलणे, असे वाटून तो टाळला गेला असावा.

पैशांचा मुद्दा नेहमी पुढे येतो. पगाराच्या एकूण रकमेवर मर्यादा असताना न खेळणाऱ्यावर खर्च कशाला, असे विचारले जाते. फोल्सचा २०१७ चा करार दोन वर्षांचा आणि १ कोटी १० लाख डॉलरचा होता. पुढे जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने त्याच फोल्सला चार वर्षांसाठी ८ कोटी ८० लाख डॉलर देऊ केले, आता मोहरा म्हणून. ८ सप्टेंबर २०१९ रोजी पहिल्याच सामन्यात टचडाउनचा पास देताना त्याच्या गळपट्टीचे हाड मोडले. त्याच्या जागी गार्डनर मिनश्यू नावाचा सहाव्या फेरीत निवडलेला नवखा मुलगा उतरला. जॅग्वार्स तो सामना हरले, पण त्या मुलाने २५ पैकी २२ पास अचूक दिले. जखमी फोल्स ते पाहत होता की नाही कोण जाणे, मी मात्र शेवटपर्यंत टीव्हीसमोरून उठलो नाही.