पार्किंगखालच्या राजाने चार्ल्सची गादी हलत नाही

‘इंग्लंडचं राजघराणं खोटं! पार्किंगखाली सापडलेल्या राजाच्या डीएनएने बिंग फोडलं’ हा मजकूर परत फिरायला लागलाय. काल घरच्या ग्रुपवर काकांनीच ‘अभ्यासपूर्ण’ म्हणून टाकला. पार्किंगखाली सापडलेला तो सांगाडा पंधराव्या शतकातल्या तिसऱ्या रिचर्डचा. त्याचा डीएनए राजघराण्याशी जुळला नाही, म्हणून आजचा राजा चार्ल्स तोतया, खरा राजा ऑस्ट्रेलियात, आणि रिचर्डनंतर गादीवर आलेल्या ट्यूडर घराण्याने प्रेत मुद्दाम दडवलं, असा एकूण सूर.

दडवण्याचं आधी उरकतो. 22 ऑगस्ट 1485 ला बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड पडला. लेस्टरच्या ग्रेफ्रायर्स मठातल्या फ्रान्सिस्कन साधूंनी त्याला आपल्या चर्चमध्ये, गायनस्थानात, म्हणजे वेदीजवळच्या भागात, पुरलं. ही मानाची जागा. घाई मात्र झाली होती: शवपेटी नाही, खड्डा आखूड, त्यामुळे डोकं कडेला टेकून वर राहिलेलं. दहाएक वर्षांनी थडग्याला पैसे दिले ते त्याला हरवणाऱ्या सातव्या हेन्रीनेच. दडवायचं असतं तर थडगं कशाला बांधलं असतं? 1538 मध्ये आठव्या हेन्रीच्या राज्यात मठ बंद झाला, इमारत पाडली गेली, वर बाग झाली, आणि पार्किंग आलं ते पार विसाव्या शतकात. पावलांची हाडं मधल्या कुठल्यातरी बांधकामात गेली.

आता डीएनए. मूळ शोधनिबंध डिसेंबर 2014 चा, ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधला. फुकट वाचता येतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने उघडलेला दिसत नाही. त्यात राजघराण्यातल्या एकाचाही नमुना तपासलेला नाही. तुलना झाली ती ब्यूफर्टच्या पाचव्या ड्यूकच्या पुरुषवंशातल्या पाच जणांशी. कागदोपत्री रिचर्ड आणि हा ड्यूक दोघेही राजा तिसऱ्या एडवर्डचे पुरुषवंशज. वाय गुणसूत्र आडनावासारखं बापाकडून मुलाकडे जातं. पाचांपैकी चौघांचं आपसांत जुळलं, पाचव्याचं त्यांच्याशीही नाही, आणि रिचर्डशी एकाचंही नाही.

म्हणजे कागदावरच्या वंशावळीत कुठेतरी बाप वेगळा आहे. एवढं कबूल करावंच लागतं. पण कुठे? रिचर्डपासून वर तिसऱ्या एडवर्डपर्यंत 4 पिढ्या, तिथून खाली ड्यूकपर्यंत 15. एकूण 19 जागा. खालच्या 15 पैकी ट्यूडरांचा दावा फक्त पहिल्या दोनवर उभा आहे: एडवर्डचा मुलगा जॉन ऑफ गाँट आणि त्याचा मुलगा जॉन ब्यूफर्ट. उरलेल्या 13 निव्वळ सरदार घराण्याच्या, गादी त्या वाटेने गेलीच नाही. रिचर्डच्या बाजूलाही त्याच्या यॉर्क घराण्याचा मुख्य दावा त्याच्या आजीकडून, अ‍ॅन मॉर्टिमरकडून आलेला.

आणि समजा, घोळ नेमका जॉन ऑफ गाँटपाशीच निघाला. तरी काय? सातव्या हेन्रीने राज्य जिंकलं रणात, संसदेने ते मान्य केलं, आणि 1486 मध्ये त्याने रिचर्डच्या पुतणीशी, यॉर्कच्या एलिझाबेथशी लग्न केलं. आजचं घराणं या दोघांच्या लेकीचं, मार्गारेटचं. आठव्या हेन्रीचं नव्हेच. गादीवर बसलेल्या त्याच्या तिन्ही मुलांना मूलबाळ नव्हतं. शिवाय कायद्याने आजचा हक्क 1701 च्या वारसा कायद्यातून येतो: हॅनोव्हरची सोफिया आणि तिचे प्रॉटेस्टंट वंशज. कूळ बापाकडूनच मोजायची आपल्याला सवय, म्हणून असले फॉरवर्ड पटतात.

ऑस्ट्रेलियातला राजा ही तर वेगळीच गोष्ट. रिचर्डचा भाऊ चौथा एडवर्ड अनौरस होता, म्हणून हक्क दुसऱ्या शाखेच्या ऑस्ट्रेलियातल्या वंशजाकडे जातो, अशा जुन्या कुजबुजीवर ती रचलीय. रिचर्डच्या हाडांवरून भावाचा बाप कळत नाही.

फॉरवर्डच्या शेवटच्या ओळीत तर सांगाडाच बनावट म्हटलंय! मग वरचं बिंग कुणाच्या डीएनएने फोडलं? आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए रिचर्डच्या बहिणीच्या लेकींच्या वंशातल्या दोघांशी ताडला: एकाचा हुबेहूब जुळला, दुसऱ्यात एका अक्षराचा फरक. वाकडा कणा, जखमा, वय आणि हाडांचा काळ हे सगळं धरून सांगाडा रिचर्डचाच असल्याच्या खात्रीचा आकडा त्याच निबंधात दिलाय 99.999 टक्के.