भरून उशाशी ठेवलेलं शस्त्र ‘तयार’ नसतं

‘घरातल्या स्वसंरक्षणाच्या शस्त्राची निगा’ असा मथळा असलेला एक निरोप गेल्या काही आठवड्यांत मला चार जणांकडून आला. चौघेही शहाणे आणि चौघांच्याही घरात शस्त्र आहे. शस्त्र कायम भरलेलं, हाताशी आणि तेलात न्हालेलं असलं की ते तयार, असा त्या निरोपाचा एकंदर सूर. मी बरीच वर्षं शस्त्र बाळगतो, स्वतःचं साफ करतो, ओळखीच्यांचीही करून देतो. तो निरोप वाचून अंगावर काटा आला, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

पहिला सल्ला असा: ‘कुलपातलं शस्त्र नसल्यासारखंच. भरून उशाशी किंवा कपाटावर ठेवा. मुलांना एकदा नीट समजावलं की ती हात लावत नाहीत, आणि लहान मुलांच्या बोटांत चाप ओढण्याइतका जोर नसतोच.’

आधी बोटांच्या जोराचं पाहू. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या बोटांची ताकद मोजली होती. दोन बोटांनी दहा पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलोचा जोर तीन-चार वर्षांच्या २५ टक्के मुलांना लावता आला. पाच-सहा वर्षांच्यांत हे प्रमाण ७० टक्के होतं आणि सात-आठ वर्षांच्यांत ९० टक्के. त्या वेळी बाजारात असलेल्या निम्म्याहून अधिक पिस्तूल-रिव्हॉल्व्हरांच्या चापाला पाच पौंडांहून कमी जोर पुरत होता. शिवाय लहान मूल शस्त्र मोठ्यांसारखं धरत नाही. दस्ता पुढे करून ते दोन्ही अंगठ्यांनी चाप दाबतं आणि नळीचं तोंड त्याच्याच छातीकडे असतं.

आता समजावण्याचं. २००१ साली आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांचे २९ गट, दोघा-तिघांचे, एका खोलीत बसवले. ड्रॉवरमध्ये खरं पण निकामी केलेलं पिस्तूल दडवलेलं होतं आणि आरशाआडून निरीक्षण चालू होतं. २१ गटांना ते सापडलं, १६ गटांनी हाताळलं आणि १० गटांत कुणीतरी चाप ओढला. हाताळणाऱ्या किंवा चाप ओढणाऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना शस्त्राच्या सुरक्षिततेबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं. मुलांना समजावायचंच, मीही समजावलं आहे. पण समजावणं कुलपाच्या जागी चालत नाही. ‘आमच्याकडे कुणाला जागा ठाऊकच नाही’ हेही मी ऐकत आलोय. २००६ च्या एका अभ्यासात असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांना ती जागा नेमकी माहीत होती.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. रात्री खट् झालं तर किल्ली कुठे शोधायची? त्यासाठी बटणांवर उघडणारी छोटी पोलादी पेटी मिळते. ती भिंतीला किंवा पलंगाच्या चौकटीला पक्की बोल्ट करायची, म्हणजे चोर पेटीसकट शस्त्र नेणार नाही. सराव असला की ती काही सेकंदांत उघडते. रिकामं शस्त्र आत ठेवून अंधारात पंधरा-वीसदा उघडून पाहा, बोटांना आकडे पाठ होतात. बॅटरी बंद पडायची वाट न पाहता ठरल्या तारखेला बदला, आणि जादा किल्ली त्याच खोलीतल्या ड्रॉवरमध्ये टाकू नका. याउलट उशाखालच्या शस्त्रापर्यंत झोपेत हात आधी पोचतो, जाग नंतर येते.

आगीचा विचारही त्या निरोपात नाही. आगीत सुटं काडतूस फुटतं, पण नळी नसल्याने गोळीला वेग मिळत नाही. पुंगळीचे, म्हणजे काडतुसाच्या पितळी आवरणाचे, तुकडे उडतात. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला बार उडतो त्या जागी, भरलेलं काडतूस मात्र तापून उडालं तर तो पुरा बार असतो, नळी ज्या दिशेला असेल तिकडे. आग विझवायला आलेल्या माणसाला हे ठाऊक नसतं.

हे फक्त मुलांपुरतंही नाही. घरात कुणी खचलेलं असेल, जगण्यात रस उरला नाही असं बोलत असेल, तर त्याच्याशी बोला, मदत मिळवून द्या आणि ते दिवस सरेपर्यंत शस्त्र कायद्याने चालेल अशा रीतीने घराबाहेर हलवा. अशा वेळी कुलपावर विसंबू नका. एरवी शस्त्र कुलपात, शस्त्र रिकामं, काडतुसं वेगळी आणि काडतुसंही कुलपात, या चारही सवयींनी घरातल्या मुलांचे अपघात आणि आत्महत्या कमी आढळतात, असं २००५ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. चारपैकी जितक्या जमतील तितक्या पाळा. तुमच्याकडचा कायदा आणखी काही सांगत असेल तर तो आधी.

पुढचा सल्ला: ‘मॅगझिन भरून ठेवली की स्प्रिंग बसते, म्हणून दर आठवड्याला सगळं काढून पुन्हा भरा.’ मॅगझिन म्हणजे काडतुसं वर ढकलणारी स्प्रिंग असलेली पिस्तुलाची डबी. चांगल्या पोलादाची स्प्रिंग मर्यादेच्या आत दाबून ठेवली तर तिचा जोर फारसा जात नाही. ती थकते ते वारंवार दाबण्या-सोडण्याने, म्हणजे नेमकं या सल्ल्याने. आणि यातला खरा धोका तर वेगळाच आहे. तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये चढवलं की दर वेळी गोळीचं नाक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर आपटतं आणि गोळी पुंगळीत कणाकणाने आत सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, कधी धोकादायक इतका. असं काडतूस नव्याशेजारी सपाट टेबलावर उभं करून पाहा. उंचीतला फरक डोळ्यांनाही दिसतो. दिसला तर ते बाजूला काढा.

‘महिन्यातून एकदा डब्ल्यूडी-४० भरपूर मारा, काडतुसांवरही.’ डब्ल्यूडी-४० हे १९५३ सालचं उत्पादन. पाणी हटवणं हेच त्याचं काम आणि ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’ यावरूनच नाव पडलेलं. क्षेपणास्त्राचा बाहेरचा पत्रा गंजू नये म्हणून ते वापरलं जाई. भिजलेल्या शस्त्रातलं पाणी काढायला चांगलं. पण टिकणारं वंगण म्हणून ते तोकडं पडतं, आणि साचून वाळलं की चिकट थर धरतो. काडतुसावर तर कुठलंच पातळ तेल नको. ते प्रायमरच्या, म्हणजे बुडाशी असलेल्या ठिणगी देणाऱ्या टिकलीच्या, कडेने आत झिरपू शकतं आणि मग काडतूस फुसकं निघतं. शस्त्राला बंदुकीचं तेल लावा, तेही दोन-तीन थेंब, चिंधीने पसरून पुसलेलं. जास्तीचं तेल धूळ धरतं, आणि उभ्या ठेवलेल्या बंदुकीत ओघळून लाकडी दस्ता मऊ करतं. हात लावलात की पुसा. बोटांच्या ठशातल्या मिठानेही गंज धरतो.

‘चामड्याच्या केसमध्ये ठेवा, हवा लागत नाही.’ या सल्ल्याने आमचं नुकसान झालंय. वडिलांची रिव्हॉल्व्हर दोन वर्षं तशीच केसमध्ये, कपाटाच्या तळाशी राहिली. उघडली तेव्हा चामड्याच्या शिवणीची ओळ सिलिंडरवर, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागावर, टाक्यागणिक गंजाने उमटलेली होती. सोबतच्या चामडी पट्ट्याच्या घरांतली काडतुसं हिरव्या, मेणासारख्या थराने चामड्याला चिकटली होती. एकेक पिळून सोडवावं लागलं. चामडं दमटपणा धरतं, त्यात कमावण्याची रसायनं असतात, आणि दोन्ही धातूला टेकून राहतात. केस नेण्या-आणण्यापुरती. ठेवायचं ते कोरड्या जागी, हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहील असं. ६० च्या वर गंजाचा वेग झपाट्याने वाढतो. सिलिका जेलची पुडी एकदा टाकून विसरायची नसते. रंग बदलणारी घ्या. बदलला की ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरता येते.

‘काडतुसं कधीच खराब होत नाहीत.’ यात अर्धं खरं आहे. थंड, कोरड्या जागी ठेवलेली काडतुसं कित्येक दशकं चालतात. पण काडतुसातल्या धूरविरहित दारूचा, म्हणजे गोळी ढकलणाऱ्या स्फोटक भुकटीचा, पाया नायट्रोसेल्युलोज हे ज्वालाग्राही रसायन आहे आणि ते हळूहळू विघटित होतच असतं. फ्रेंच रसायनज्ञ पॉल व्हिएय याने १८८४ साली अशी पहिली यशस्वी दारू बनवली. तीच साठ्यात बिघडल्याने फ्रेंच नौदलाच्या ‘इएना’ आणि ‘लिबर्ते’ या युद्धनौका १९०७ आणि १९११ साली तूलाँ बंदरात स्फोट होऊन गेल्या. आजच्या दारूत डायफेनिलअमाइनसारखा स्थिरक असतो, विघटनातून निघणारे वायू तो शोषतो. मात्र तो खर्च होत जातो आणि उष्णतेत लवकर. म्हणून तापणारा पोटमाळा, गाडीचा कप्पा, चुलीजवळचं फडताळ नको.

पितळाचंही तसंच. ब्रिटिश अमदानीत भारतात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकत. कारण १९२१ साली स्पष्ट झालं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात घडणीच्या वेळी राहिलेला ताण. तेव्हा पुंगळ्या चकचकीत करायला अमोनियायुक्त पॉलिश वापरू नका. मूळ खोक्यात ठेवा, त्यावर खरेदीची तारीख घाला, जुनी आधी सरावात संपवा.

शेवटचा सल्ला सर्वांत घातक: ‘बार उडाला नाही तर लगेच उघडून दुसरं घाला.’ सरावात असं झालं तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबा. काडतूस कधी उशिरा पेट घेतं. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर तेवढ्यात फिरवू नका. आणि नेहमीच्या आवाजाऐवजी नुसतं ‘फस्’ झालं, धक्का कमी बसला, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्या मागून दुसरी सोडली तर नळी फाटते. शस्त्र रिकामं करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा.

वडिलांच्या पट्ट्यातलं एकही काडतूस मी उडवून पाहिलं नाही. कचऱ्यात टाकलं नाही, जाळलं नाही, पुरलंही नाही. डब्यात घालून परवानाधारक विक्रेत्याकडे नेलं, त्याने मोजून पावती दिली. रिव्हॉल्व्हर घासून स्वच्छ केली, आता ती पेटीत असते. टाक्यांची ती ओळ मात्र सिलिंडरवरून गेली नाही.