मुहूर्त सायंकाळी ७ वाजून १ मिनिट

नवा अल्बम शुक्रवारी येतो. जुलै २०१५ पासून जगभर हा शिरस्ता आहे आणि तो सोयीचा आहे. रात्री ऐकत बसलं तरी शनिवारी उशिरा उठता येतं. पण फोक रॉकवाल्यांना, म्हणजे लोकगीतांच्या वळणाचं रॉक गाणाऱ्यांना, शिरस्ता म्हटलं की खाज सुटते. फ्लीट फॉक्सेस या अमेरिकी बँडच्या रॉबिन पेकनोल्डने 'शोअर' हा अल्बम काढला तो मंगळवारी, २२ सप्टेंबर २०२० ला, जेमतेम एक दिवस आधी सांगून आणि ऐन शरद संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात त्या, क्षणी. जागतिक वेळ १३.३१. त्यात आपले साडेपाच तास मिळवा: संध्याकाळचे ७ वाजून १ मिनिट. पंचांगात अधिक आश्विन चालू होता, म्हणजे मुहूर्त काढायचाच नाही असा महिना. पण तिकडे अमेरिकेत हे सांगणार कोण?

मराठी घरात ७ वाजून १ मिनिटाला गाणं ऐकणं हा मुळातच उद्धटपणा. दिवा लागलेला, कुकर चढलेला, मालिका सुरू व्हायच्या बेतात. हेवी मेटलवाल्याचं बरं असतं, त्याचं गाणं मिक्सरच्या घरघरीत बेमालूम मिसळून जातं. इथे मात्र एक माणूस गिटारच्या तारा बोटांनी खुडत असतो आणि दुसऱ्या खोलीतल्या बाळाला जाग येऊ नये अशा बेताने गात असतो. मिक्सर लावला की तो माणूस नाहीसा होतो.

म्हणून आजही तो अल्बम त्याच मुहूर्तावर ऐकायचा तर तयारी साडेसहाला सुरू करावी. आधी कुकर. वरणभाताला तीन शिट्ट्या धरल्या तर ६.३५ ला गॅस पेटवावा, म्हणजे सातपर्यंत शिट्ट्या होऊन तो आपला आपण निवत बसतो. चटणी वाटायची असेल तर तीही आधीच. मग फोन. क्रॉसफेड बंद करा, नाहीतर एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावर येऊन पडते. शफल बंद. आवाजाचा दर्जा ३२० केबीपीएस. पंचावन्न मिनिटांच्या अल्बमला सुमारे १३० एमबी लागतात, तेव्हा ७.०१ ला थेट ऐकायला न बसता आधी उतरवून घ्या आणि फ्लाइट मोड लावा. त्याने हेडफोनचं ब्लूटूथही गेलं तर ते पुन्हा चालू करावं. हे विसरलं की गाणं फोनच्या स्पीकरमधून बाहेर पडतं. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते आणि फोनचा चिमुकला स्पीकर तिथवर पोचतच नाही. मग उरतो तो डबा वाजवणारा एक दुःखी गृहस्थ.

आवाज गाळणारे महागडे हेडफोन घेतले म्हणजे सुटलो, असं पुष्कळांना वाटतं. ते यंत्र बाहेरच्या लहरीला उलटी लहर सोडून ती मारतं. पंख्यासारखा एकसुरी, खालच्या पट्टीतला आवाज त्याला छान जमतो. कुकरची शिट्टी अचानक येते आणि वरच्या पट्टीत येते. ती त्याच्या हाती लागत नाही. उलट पंखा गेल्यामुळे शिट्टी अधिक सुरेल ऐकू येते. कानात घालायचे असतील तर रबरी बोंडं मापाचीच हवीत. फट राहिली की आधी खर्ज गळतो. पंखा बंद करून ऐकणारे थोर असतात, पण मी त्यांच्यातला नाही.

इतकं करून ७.०१ ला गाणं सुरू होतं आणि एक मुलगी गायला लागते. इथे दहांतले नऊ जण घाईने फोन उघडून बघतात. चुकलेलं काही नसतं. पेकनोल्डने स्वतःच्या अल्बमचा पहिला आवाज उवाडे अखेरे या तरुण गायिकेला दिलाय. ही खेळी धीराची आहे, पण आधीच धास्तावलेल्या श्रोत्याशी असं वागू नये. बाराव्या गाण्याच्या शेवटी ब्राझीलचा टिम बर्नार्देस पोर्तुगीजमध्ये गातो, तेव्हा शेजारचा टीव्ही ऐकू येतोय अशी शंका येते. चौदाव्याच्या सुरुवातीला कुणीतरी बोलतं. आपण हेडफोन काढून "काय?" असं ओरडतो. स्वयंपाकघरातून "मी कुठे काय म्हटलं?" असं उत्तर येतं. बोलणारा असतो ब्रायन विल्सन, बीच बॉइज या अमेरिकी बँडच्या १९६६ च्या सुमाराच्या जुन्या ध्वनिमुद्रणातला.

या अल्बमसोबत तेवढ्याच लांबीची, १६ मिमीच्या रिळावर चित्रित केलेली एक फिल्मही आली होती. ती टीव्हीवर लावू नये. घरातलं कुणीतरी सिनेमा समजून येऊन बसतं. पडद्यावर अमेरिकेच्या वायव्येकडचा निसर्ग आणि पाणी. "सुरू कधी होणार?" हा प्रश्न विसाव्या मिनिटाला येतो, आणि तो रास्त आहे.

सगळ्यात अवघड जागा मात्र दुसऱ्या गाण्यात आहे. हे संगीत दारातून आत येणाऱ्या माणसाच्या कानी पडलं की तो हमखास विचारतो, "कोण गेलं?" एरवी हसून सोडून देता येतं. इथे खोटं बोलावं लागतं, कारण पेकनोल्ड या गाण्यात गेलेल्या गायक-वादकांचीच नावं घेतो: रिचर्ड स्विफ्ट, जॉन प्राइन, बिल विदर्स, ज्यूडी सिल, एलियट स्मिथ, डेव्हिड बर्मन. प्राइन आणि विदर्स तर त्याच वर्षी गेले होते. गंमत म्हणजे गाणं सुतकी नाही, चांगलं उन्हात पोहायला निघाल्यासारखं आहे. पण हे समजावून सांगेपर्यंत तिसरं गाणं अर्धं होतं, आणि त्यातला शेकडो चाहत्यांनी आपापल्या घरून गाऊन पाठवलेला कोरस हुकतो.

पंधरावं गाणं संपलं की अल्बम संपतो. ऑटोप्ले बंद करायचं राहून गेलं असेल तर ॲप पाठोपाठ कुणातरी भलत्याचंच, ढोल वाजवत येणारं गाणं लावतं. आपण डोळे मिटून त्याला सोळावं समजतो, पेकनोल्डने शेवटी केवढं धाडसी वळण घेतलंय म्हणून मान डोलावतो, आणि आतून आवाज येतो, "हे जरा बरं आहे हं."