पहाटे उठवलं म्हणून आलेल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. आमच्या धक्क्याला बोट बांधून रात्री राहिलात त्याबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला, दोन स्टार दिलेत. तुमचा दोर कापावा लागला त्याबद्दल मनापासून सॉरी, आणि पायऱ्यांजवळचा दिवा बंद होता तेही खरं आहे, ती आमचीच चूक. पण "पहाटे साडेपाचला बोट बडवून झोपमोड केली, माणसांशी वागायची पद्धत नाही" असं जे लिहिलंय ते फार लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वेळ. साडेपाच नव्हते, पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे अजूनच लवकर, कबूल, पण वीस मिनिटं थांबायला वेळ नव्हता हो. वरच्या बंधाऱ्याचे दरवाजे रात्री बंद केले की आमच्याकडे पाणी उतरतं, त्या रात्री तीन वाजल्यापासून दोन वीत उतरलं होतं. तुमची बोट फक्त दोन दोरांवर, पुढचा एक नि मागचा एक, दोन्ही आखूड आणि खुंट्यावरून सरळ खाली ताणलेले. अशात बोट पाण्याबरोबर खाली जायला बघते, दोर जाऊ देत नाही, मग धक्क्याकडची बाजू दोरावर टांगून राहते आणि पलीकडची कलते. मी टॉर्च मारला तेव्हा पलीकडचा काठ पाण्याच्या चांगलाच जवळ आला होता आणि मागच्या क्लीटचे, म्हणजे बोटीवर दोर अडकवायच्या खुंटीचे, स्क्रू कुरकुरत होते. आत तुमची मुलं झोपलेली. मी आधी तीनदा हाका मारल्या, मग हाताने ठोकलं. आवाज चढला असेल, घाबरले होते मी.

आता दोर. गाठ बोलाइनची होती, म्हणजे न सरकणाऱ्या फासाची, गाठ चांगलीच आहे, पण ताण असताना ती सुटत नाही. खुंट्याला पूर्ण वेढा आणि त्यावर दोन अर्ध्या गाठी असत्या तर ताणातच हळूहळू सैल सोडता आलं असतं. माझ्या मुलाने आधी दुसरा दोर सैल लावून घेतला आणि मगच सुरी चालवली, आणि तुम्हाला "बाजूला व्हा" म्हणाला ते उर्मटपणे नाही, ताणलेला नायलॉन तुटला की चाबकासारखा उलटा येतो म्हणून.

संध्याकाळचं तुम्ही लिहिलंच नाहीत. तुम्ही प्रवाहाबरोबर आलात, मी काठावरून हात करून सांगत होते की वळवा, तोंड प्रवाहाकडे करून या, म्हणजे पाणीच बोटीला ब्रेक लावतं. दोर लांब सोडा, पुढून मागे आणि मागून पुढे असे तिरके दोन अजून बांधा म्हणजे बोट सरकत नाही, हेही बोलले. तुम्ही म्हणालात, अनेक वर्षं चालवतोय, माहितीये. मग मी गप्प बसले. दुसऱ्याच्या दोराला न विचारता हात लावायचा नाही असं आमच्यात आहे, पण झोपायच्या आधी एकदा येऊन पुन्हा विचारायला हवं होतं, तेवढं माझं चुकलं.

धक्का छोटा आहे, एका वेळी सहा बोटी लागतात, त्यावरच घर चालतं. असा रिव्ह्यू वाचून लोक न थांबता पुढे निघून जातात हो. पाणी उतरतं याचा बोर्ड आहे पण अंधारात दिसत नाही, तो मोठा करायचं बघतोय, दिव्याचंही होईल लवकरच. तुमचा कापलेला तुकडा ठेवलाय, त्याच जाडीचा नवा दोर आणून ठेवते, इकडून जाल तेव्हा घेऊन जा, नाही थांबलात तरी चालेल.