टायरॅनिडांपुढे नुसत्या तोफा पुरत नाहीत

‘वॉरहॅमर 40,000’ या युद्धखेळाच्या काल्पनिक विश्वातल्या इम्पेरियमने, म्हणजे माणसांच्या साम्राज्याने, टायरॅनिडांसमोर, म्हणजे ग्रह खात फिरणाऱ्या परग्रही जीवांच्या झुंडीसमोर, सगळं आरमार एकाच जागी उभं करावं, असं एका लेखात म्हटलंय. ते पटत नाही. झुंड जवळ आली की वॉर्पवर, म्हणजे दूरचे निरोप ज्यातून जातात त्या अतींद्रिय मितीवर, तिची सावली पडते आणि अ‍ॅस्ट्रोपाथांचे, म्हणजे मनोबलाने संदेश पाठवणाऱ्यांचे, निरोप थांबतात. मग मदत मागवणार कशी? ग्रह आधीच सज्ज हवा, आणि त्याहीआधी तिथले जीनस्टीलर पंथ, म्हणजे टायरॅनिडांची बाधा झालेल्या माणसांचे छुपे गट, खणून काढायला हवेत, कारण झुंडीला वाट दाखवणारे तेच.

जमिनीवर हाइव्ह टायरंट, वॉरियर, झोअनथ्रोप असे सिनॅप्सवाले, म्हणजे झुंडीच्या सामूहिक मनाचे हुकूम बाकीच्यांपर्यंत पोचवणारे जीव, आधी टिपायचे. दुवा तुटला की आसपासचे गाँट, म्हणजे झुंडीतले साधे सैनिक जीव, बिथरतात, दडून बसतात. पण हात चालवायचा तो तेवढ्यातच. दुसरा सिनॅप्सवाला पोचला की झुंड लगेच सावरते.

खरा प्रश्न बायोमासचा, म्हणजे जैव पदार्थाचा, आहे. पडलेल्या ग्रहावरची प्रेतं, जंगलं, समुद्र, अगदी हवासुद्धा शोषून त्यातूनच नवी फौज उभी राहते. म्हणून क्रिप्टमन या इम्पेरियमच्या इन्क्विझिटरने (गुप्त तपास अधिकाऱ्याने) लेव्हायथन या टायरॅनिड आरमाराच्या वाटेवरचे ग्रह, माणसांसकट, जाळून उपासमारीचा पट्टा आखला. क्रूर, पण हिशेब बरोबर. त्याने झुंडीला ऑक्टेरियस या साम्राज्यातल्या ऑर्कांवर, म्हणजे लढाईखोर परग्रही जमातीवर, वळवणं मात्र मला घातकच वाटतं. ऑर्क लढून वाढतात, टायरॅनिड त्यांना खाऊन. जो जिंकेल तो आधीपेक्षा बलाढ्य होऊन इम्पेरियमवरच येणार.