फेसाने मोरी मोकळी होत नाही

दिवाळीच्या साफसफाईपासून आमच्या भिशीच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय. तोच मला बडोद्याच्या आत्तेबहिणीने पाठवला, पुण्याहूनही आला. मजकूर असा: तुंबलेल्या सिंकमध्ये अर्धी वाटी खायचा सोडा टाका, वर वाटीभर व्हिनेगर ओता, फेस आला की उकळतं पाणी सोडा. दहा मिनिटांत पाइप स्वच्छ, प्लंबरचे पैसे वाचले. महिन्यातून एकदा केलंत तर मोरी पुन्हा कधी तुंबणार नाही. एवढं करूनही जमलं नाही, तर ॲसिड ओता.

यातलं एकही वाक्य जसंच्या तसं घेण्यासारखं नाही, आणि शेवटचं तर जिवावर बेतणारं आहे.

आधी फेस, कारण सगळा विश्वास त्याच्यावरच बसतो. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं भेटले की एकमेकांना संपवतात. उरतं पाणी, सोडियम ॲसिटेट नावाचं साधं मीठ आणि उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड. तो वायू वरच्या उघड्या तोंडातून निघून जातो, खालच्या बोळ्याला ढकलत नाही. शिवाय प्रमाण बघा: एक मोठा चमचा, म्हणजे साधारण 14 ग्रॅम सोडा पुरता संपवायला 4 टक्क्यांचं व्हिनेगर जवळजवळ पाव लिटर लागतं. अर्ध्या वाटीतला बराचसा सोडा तसाच राहतो आणि पाइपातल्या साचलेल्या पाण्यात विरून जातो. पाइपात बसलेल्या तूप-तेलाचा साबण करून ते सोडवायला कॉस्टिक सोड्यासारखी तीव्र अल्कली हवी, ते खायच्या सोड्याचं काम नाही. केसांना तर सोडाही काही करत नाही आणि व्हिनेगरही.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं वॉशबेसिन तुंबलं होतं. दोनदा हा प्रयोग करून झाला होता. "काकू, फेस तर काठापर्यंत आला होता, मग पाणी का जाईना?" त्या विचारत होत्या. मी बेसिनखाली बादली ठेवली आणि बॉटल ट्रॅपची, म्हणजे पाइपाला लावलेल्या बाटलीसारख्या भागाची, खालची वाटी हाताने फिरवली. पान्याचीही गरज पडली नाही. आधी काळं पाणी आलं, मग करंगळीएवढा जाड, राखाडी, बुळबुळीत गोळा. केसांचा पीळ, त्यावर साबणाचा थर आणि मधोमध टूथपेस्टचं टोपण. त्यातला एक तुकडा काचेच्या ग्लासात घालून मी सोडा-व्हिनेगर ओतलं आणि तासभर ठेवला. फेस निवला. तुकडा होता तसाच होता.

वाटी धुतली, रबरी वॉशर नीट जागेवर बसवला, वाटी परत फिरवली आणि पाणी सोडून गळती पाहिली. सगळं मिळून पंधरा मिनिटं. त्या वाटीत पाणी साठून राहतं ते मुद्दामच. गटाराचा वास तेच अडवतं.

उकळत्या पाण्याचं म्हणाल, तर सांडपाण्याचे पीव्हीसी पाइप साधारण 60 अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी धरलेले असतात. 80 च्या आसपास ते मऊ पडू लागतात आणि जोड सैल होतात. त्यात वितळलेलं तूप पुढे जाऊन, जिथे आपला हात पोचत नाही तिथे, पुन्हा गोठतं. सिंक नुसतं सावकाश वाहत असेल तर हाताला सोसेल एवढं गरम पाणी आणि भांड्यांचा साबण जरूर वापरा. ज्यांना "गुण आला" त्यांना बहुतेक या गरम पाण्याचाच आला.

दरमहा केल्याने तुंबणार नाही, हेही खोटं. इंदूरच्या घरात रोज पोहे धुतले जातात. तो चुरा, चहाची पत्ती आणि भाताचं निवळ पाइपात तुपाच्या थरावर बसतं. सिंकला बारीक जाळी लावा. चुरा ओल्या कचऱ्यात टाका, तो देवगुराडियाच्या कचरा प्रकल्पात जाऊन गॅस तरी होईल. तुपकट कढई आधी कागदाने पुसा. न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपची, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या भोकाची, जाळी आठवड्याला उचलून केस काढा.

आणि तुंबलंच तर लाकडी दांड्याचा रबरी प्लंजर घ्या. रबर बुडेल एवढं पाणी असू द्या. बेसिनच्या काठाजवळचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिथूनच निघून जातो. मग वीसेक वेळा दाबा आणि ओढा. ओढण्यातच खरं काम आहे, बोळा मागे हलतो आणि सुटतो. आणखी आत असेल तर स्प्रिंगची तार फिरवत सरकवा आणि अडकलेलं बाहेर खेचून काढा, आत लोटू नका. आमच्या आजोळच्या वाड्यात हेच काम बांबूच्या कामटीने व्हायचं.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एकाच वेळी तुंबलं तर दोष बहुतेक बाहेरच्या चेंबरमध्ये असतो, घरात काहीही ओतून उपयोग नाही. महापालिकेच्या 311 ॲपवर तक्रार करा, मशीन मागवा. चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. विनासुरक्षा माणूस गटारात उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने माणसं खरोखर मरतात.

आता ॲसिड. संडास साफ करायच्या ॲसिडवर ब्लीचिंग पावडर पडली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो फुप्फुसं जाळतो. कॉस्टिक सोडा पाण्यात पडला की पाणी उकळी फुटावी इतकं तापतं, उडालेला थेंब डोळा घालवू शकतो. मुख्य म्हणजे पाइप तुंबलेलाच राहिला तर ते सगळं ट्रॅपमध्ये साठून असतं आणि वाटी फिरवणाऱ्याच्या हातातोंडावर येतं. तुम्ही असलं काही ओतून बसला असाल तर ट्रॅपला हात लावू नका, आणि प्लंबर येईल तेव्हा काय ओतलंय आणि कधी ओतलंय ते त्याला दारातच सांगा.